पिठाचा कोंबडा आणि त्रिकोणाचा मुखवटा

आमच्या दुकानात मामंजींच्या काळापासून दोन वस्तू कधीच आल्या नाहीत. एक माशांचा गळ, आणि दुसरं उंदराचं औषध. जोयड्यासारख्या ठिकाणी, जिथं काळी नदी अन् तिचे ओढे चहूबाजूंनी, तिथं गळ न ठेवणं म्हणजे गिऱ्हाईक आपल्या हातानं शेजारच्या दुकानात पाठवणं. मामंजींना ते चालायचं. जुनं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, तेव्हा तेही दुकान उचलून इथं आले. दुकान बुडालं तरी नेम कोरडा राहिला, असं ते गमतीनं म्हणायचे.

मी बेळगावकडची. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला ह्या नेमाचं हसू यायचं. कारण त्याच दुकानात दिवाळीला टिकल्यांची पिस्तुलं टांगलेली असायची. एकदा धाडस करून विचारलं, "मामंजी, गळ नको अन् पिस्तूल चालतं, हे कसं काय?" ते म्हणाले, "अगं, त्यानं मरतंय कोण?" उत्तर मला पटलं नव्हतं, पण सुनेनं दुसऱ्यांदा विचारायचा तो काळ नव्हता. आज मामंजी नाहीत, गल्ल्यावर मी बसते, आणि तो प्रश्न गेल्या वर्षी एका खोक्यातून परत माझ्यासमोर आला.

२०२५चा जानेवारी. उळवीची जत्रा तोंडावर. माघात चन्नबसवण्णांच्या जत्रेला बैलगाड्यांनी लोक येतात. वाट आमच्या तालुक्यातली, त्यामुळे महिनाभर आधीपासून दुकानदार माल भरतात. बेळगावच्या होलसेलवाल्यानं फुगे, चेंडू, शिट्ट्या, बांगड्या यांच्याबरोबर एक खोका जास्तीचा पाठवला. वर चिठ्ठी होती, "फास्ट चालतंय, ठेवून बघा." उघडला तर आत काळे प्लास्टिकचे मुखवटे. तोंडाच्या जागी नुसती जाळी, अन् कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढऱ्या रेघेनं काढलेली एकेक आकृती. कुणावर गोल, कुणावर त्रिकोण, कुणावर चौकोन. मला वाटलं भूमितीचं काहीतरी शैक्षणिक असेल. हसू नका, खरंच वाटलं. आजकाल ठोकळ्यांवर एबीसीडी असते तसं. मी ते पाटी-पेन्सिलीच्या शेजारी लावून ठेवले.

दुसऱ्याच दिवशी आठेक वर्षांचा एक मुलगा आला. आतल्या जंगलातल्या वाड्यावरचा, कुणबी घरातला. त्याच्या आईला मी ओळखते. कंदमुळांचा मेळा भरतो ना आमच्या जोयड्यात, तिथं ती दर वर्षी टोपल्या घेऊन बसते. मी कंदमूळ खात नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून मला सोलं आणून देते. एकदा मध आणला होता, तोही मी घेत नाही म्हटल्यावर बिचारी म्हणाली, "मग तुम्ही जगतां कशावर?" तर त्या मुलानं दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या वर बोट दाखवलं. "आज्जी, तो त्रिकोणवाला दे."

"हे काय असतं रे?" मी विचारलं.

"गोली मारतो तो."

त्याच्या घरी टीव्ही नाही. गावाबाहेर पडलं की फोनला रेंज नाही. पण वसतिगृहातल्या मोठ्या पोरांच्या फोनवर त्यानं अर्ध्या मिनिटाचा तुकडा पाहिला होता. मी पैसे घेतले आणि मुखवटा दिला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी तीन गेले आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी सुनेनं सांगितलं ते काय आहे. 'स्क्विड गेम' नावाची कोरियन मालिका. २०२१च्या सप्टेंबरात नेटफ्लिक्सवर आली, दुसरा भाग २०२४च्या डिसेंबरात. म्हणूनच जानेवारीत खोका आला होता, बाजाराला सगळं कळतं. सून म्हणाली, "आई, तुम्ही बघू नका, तुम्हाला झेपणार नाही." पण ज्या वस्तूचे पैसे गल्ल्यात टाकले तिची माहिती नको का? मी पहिल्या भागाचे नऊ तुकडे तिच्याबरोबर बसून पाहिले. पदर तोंडावर घेऊन का होईना, पाहिले.

आणि मला ती मालिका वाईट वाटली नाही, हे आधी सांगून टाकते. कर्जात बुडालेली ४५६ माणसं, त्यांना एका बेटावर नेतात अन् लहान मुलांचे खेळ खेळायला लावतात. जिंकेल त्याला डोळे फिरतील एवढा पैसा, हरेल त्याला गोळी. कर्ज म्हणजे काय, हे आपल्या शेतकरी घरांना शिकवायला नको. त्या मालिकेतला म्हातारा, ती उत्तर कोरियातून आलेली पोरगी, तो परदेशी कामगार, यांच्यासाठी मी रडले. मोठ्या माणसानं पाहावी अशी ती गोष्ट आहे. कोरियात ती १८ वर्षांखालच्यांसाठी नाहीच.

पण मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्या गोल, त्रिकोण, चौकोनाचा अर्थ सुनेनं सांगितला. 'स्क्विड गेम' हा कोरियातल्या पोरांचा जुना मातीतला खेळ. आपल्या पोरी ठिकरीची घरं आखतात ना, तशा त्यांच्याकडे जमिनीवर गोल, त्रिकोण, चौकोन आखून खेळायचं. तीच चिन्हं मारेकऱ्यांच्या तोंडावर बसवली. पहिल्याच खेळात एक प्रचंड बाहुली आहे, ती गाणं म्हणते, मान वळवते, अन् जो हलला तो मेला. आपल्याकडच्या 'स्टॅच्यू'सारखाच खेळ. ती बाहुलीही कोरियाच्या जुन्या शाळेच्या पुस्तकातल्या मुलीवरून केलेली. म्हणजे बघा, मोठ्यांनी लहानांचं अंगण उचललं, त्यात रक्त सांडलं, कारण त्यांना मोठ्यांनाच काहीतरी सांगायचं होतं. इथवर ठीक आहे, कलेला तेवढा हक्क असतो. पण मग तेच अंगण, रक्तासकट, परत लहानांना विकायला पाठवलं. हा दुसरा प्रवास कलेचा नाही, खोक्याचा आहे.

हा वाद काही माझ्या दुकानात पहिल्यांदा झालेला नाही. २०१४च्या ऑक्टोबरात अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका आईनं 'टॉइज आर अस' ह्या खेळण्यांच्या मोठ्या साखळीविरुद्ध सह्यांचा अर्ज काढला. तिथं 'ब्रेकिंग बॅड' ह्या मालिकेतल्या पात्रांच्या बाहुल्या विकायला होत्या. मालिका अशी, की रसायनशास्त्र शिकवणारा एक मास्तर, त्याला कॅन्सर होतो, आणि तो घरच्यांसाठी पैसा म्हणून मेथ नावाची नशेची पूड बनवायला लागतो. बाहुलीबरोबर पैशांची एक थैली आणि त्या पुडीची चिमुकली पिशवीही मिळायची. दुकानाचं म्हणणं, वेष्टनावर '१५ वर्षांवरील' असं छापलंय, आणि माल मोठ्यांच्या विभागात ठेवलाय. नऊ हजारांवर सह्या झाल्या. उलट बाजूनं कुणी बाहुल्या ठेवा म्हणून अर्ज काढला, त्याला तिच्याहून जास्त सह्या. शेवटी दुकानानं बाहुल्या काढल्या. मालिकेतल्या नटांनी तिची थट्टा केली. एकानं म्हटलं, निषेध म्हणून मी माझी 'फ्लोरिडाच्या आई'ची बाहुली जाळतो. दुसऱ्यानं विचारलं, मग बार्बीचं काय, तिनं मुलींचं नुकसान होत नाही?

थट्टा सोडा, पण बार्बीचा मुद्दा त्याला स्वतःला वाटला असेल त्याहून खोल आहे. बार्बी १९५९ची. पण तिच्या आधी जर्मनीत लिली नावाची बाहुली होती, १९५५ची. 'बिल्ड' ह्या वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रातली ही लिली, पुरुषांना खूश करून पैसे काढणारी चटपटीत बाई. तिची बाहुली तंबाखूच्या दुकानात मिळायची, पुरुष एकमेकांना चेष्टेनं द्यायचे. रूथ हँडलर ह्या अमेरिकन बाईंनी १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ती पाहिली, घरी नेली, आणि तिच्यावरून बार्बी घडवली. म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध बाहुली मुळात मोठ्यांच्याच फळीवरून खाली आलेली आहे.

मग मोठ्यांचं खेळणं लहानांकडे आलं तर बिघडतंच असं म्हणता येत नाही. लिलीची बार्बी होताना तिची गोष्ट मागे पडली. मुलींनी तिला डॉक्टर केलं, नवरी केलं, मास्तरीण केलं. बाहुली धुतली गेली म्हणा. (कमरेचं माप तेवढं बरीच वर्षं धुतलं गेलं नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) ब्रेकिंग बॅडच्या बाहुलीचंही तसं झालं असतं. पिशवी काढा, मग उरतो कोण? टक्कल, चष्मा, दाढी असलेला एक मास्तर. असले दोन मास्तर जोयड्याच्या स्टँडवर रोज दिसतात. घोटाळा बाहुलीत नव्हता, त्या चिमुकल्या पिशवीत होता. ती पिशवी हाताला सांगते की काय करायचं.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे कायदा नाही काय? आहे, आणि गंमत अशी की २०२१ मध्ये दोन महिन्यांच्या आत दोन गोष्टी झाल्या. १ जानेवारीपासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली. आणि २५ फेब्रुवारीला निघालेल्या नियमांनी नेटफ्लिक्ससारख्यांना सांगितलं की कार्यक्रमावर वयाचा शिक्का मारा, सगळ्यांसाठी, ७ वर्षांवर, १३वर, १६वर, आणि फक्त प्रौढांसाठी. पहिला कायदा बघतो रंगात शिसं आहे का, कड धारदार आहे का, पटकन पेट घेईल का. दुसरा बघतो पडद्यावर काय दाखवलं. पण पडद्यावरचं चित्र खाली उतरून प्लास्टिकमध्ये शिरलं, की दोघांच्या मधल्या फटीतून सुटतं. पहिला कायदा त्याची कड तपासेल, चेहरा नाही. माझ्या खोक्यावर तर आयएसआयचीही खूण नव्हती, पण तो वेगळा गुन्हा, आणि त्यात मीही भागीदार, कारण मी ती बघितली नव्हती.

शहरात निदान विभाग असतो. मोठ्यांची फळी वेगळी, लहानांची वेगळी. आमच्याकडे एकच फळी. उदबत्ती, वह्या, चपला, कोयता, पारले बिस्किट आणि चेंडू सगळं एका ओळीत. 'लहान मुलांचं दुकान' अशी चीज आमच्या तालुक्यात नाहीच. त्यामुळे फ्लोरिडाच्या आईचा प्रश्न इथं तसाच्या तसा लागू होत नाही. इथं विभाग म्हणजे गल्ल्यावर बसलेली बाई. देणार ती, नाही म्हणणार तीच.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझ्या माहेरी भाद्रपदात दशलक्षण पर्वात आज्जी आम्हा नातवंडांना यशोधर राजाची गोष्ट सांगायची. आपल्यापैकी बहुतेकींनी ती बस्तीत ऐकली असेल. सोमदेवसूरींनी ती ९५९ मध्ये संस्कृतात 'यशस्तिलक' म्हणून लिहिली, अन् इकडे कन्नडात जन्न कवीनं १२०९ मध्ये 'यशोधर चरिते'. राजाला वाईट स्वप्न पडल्याचं निमित्त, आई म्हणते देवीला बळी दे. राजा म्हणतो, जीव मारणार नाही. मग आई तोड काढते, पिठाचा कोंबडा कर अन् तो काप. राजा कापतो. त्यात कोण मेलं? कुणीच नाही. मामंजी असते तर म्हणाले असते, "त्यानं मरतंय कोण?" पण त्या एका पिठाच्या कोंबड्यापायी मायलेक दोघं जन्मामागून जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत फिरतात. मोर आणि कुत्रा इथून सुरू होऊन शेवटी कोंबडीच्या जोडीपर्यंत, आणि प्रत्येक जन्मात कुणाच्या तरी हातून मरतात. आज्जी म्हणायची, हात पिठावर होता, पण मन कोंबड्यावर होतं. संकल्पी हिंसा ती हीच. म्हणूनच संक्रांतीला साखरेचे हत्ती-घोडे आमच्या घरात येत नसत. मी रडायचे, शेजारच्या पोरी हत्तीची सोंड कडकन मोडून खायच्या, आणि मला हलव्यावर समाधान.

ह्या गोष्टीवरून मी सरळ निकाल देऊ शकते, की मुखवटा म्हणजे पिठाचा कोंबडा, बंद करा. पण तेवढ्यावर भागत नाही. कारण मग धनुष्यबाणाचं काय? १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर रामायण लागायचं, तेव्हा गणेशगुडीच्या वसाहतीत जाऊन आम्ही बायका ते पाहायचो. त्यानंतरच्या जत्रेत प्लास्टिकच्या गदा आणि धनुष्यं किती विकली, त्याला हिशेब नाही. त्यात कमी मारामारी होती काय? आणि नव्वद सालानंतर माझ्याच मुलासाठी मी डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते आणून दिलेत, दुकानात ढिगानं विकलेत. उघडे पैलवान, एकमेकांना खुर्च्यांनी बडवणारे. त्यांची उंची, वजन, दंडाचं माप अन् झुंजींचे आकडे पत्त्यावर छापलेले, पोरं त्यावरून जिंकायची-हरायची. अंडरटेकरचा पत्ता हातात आला की माझा मुलगा नाचायचा. तो मेलेल्या माणसाचं सोंग घेऊन यायचा, मला त्याचं भ्या वाटायचं.

मुलाला परवा हे सगळं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मग मी बिघडलो का, आई?" नाही बिघडला. झुरळसुद्धा कागदात धरून बाहेर सोडतो. उलट त्या पत्त्यांवरच्या किलोंची बेरीज-वजाबाकी करता करता त्याचं गणित सुधारलं. "आणि तुम्ही नाही विकलं तर समोरचा विकेल," हे तर त्याचं ठरलेलं वाक्य. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही, मामंजींकडेही नव्हतं. शेजारच्या दुकानात गळ मिळतच होते.

पण एक फरक मला दिसतो, तो मांडते, तुम्ही बघा पटतोय का. गदा घेतलेल्या पोराला गदेची सगळी गोष्ट ठाऊक असते. आज्जीनं सांगितलेली असते, आईनं सांगितलेली असते, आठवडाभर घरात तीच चर्चा. कोण कुणाला का मारतं, मारल्यावर काय होतं, कोण रडतं, हे सगळं गदेबरोबर येतं. यशोधराच्या गोष्टीत कोंबडा कापायला एक क्षण लागतो, आणि पुढचे सगळे जन्म त्या एका क्षणाचं फळ भोगण्यात जातात. गोष्ट आहे ती फळाची. ब्रेकिंग बॅडसुद्धा तशीच आहे म्हणतात. ६२ भाग, आणि त्या मास्तरानं केलेल्या पापाचं फळ हळूहळू त्याच्या बायकोपोरांपर्यंत कसं पोचतं, तेच दाखवलेलं. स्क्विड गेममध्ये जिंकलेला माणूस पैसा हाती आल्यावर त्याला शिवायलाही तयार होत नाही. मोठ्यांसाठीच्या चांगल्या मालिका बहुतेक अशाच असतात, कर्माची वही उघडून दाखवणाऱ्या. त्यांचं खेळणं करताना मात्र कृती तेवढी कापून घेतात आणि फळ मागे ठेवतात. पुडीची पिशवी मिळते, कॅन्सर मिळत नाही. मुखवटा मिळतो, घरी वाट बघणारी म्हातारी आई मिळत नाही. सुरी अन् पिठाचा कोंबडा मिळतो, जन्म मिळत नाहीत.

आणि माझ्या खोक्यात आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली. त्यात सगळे चेहरे मारणाऱ्यांचे होते. मरणाऱ्यांचा एकही नाही.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, पाठशाळेत आपण ते घोकलेत. त्यात एक हिंसादान, म्हणजे हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं, आणि एक दुःश्रुति, म्हणजे मन गढूळ करणाऱ्या कथा ऐकणं. मी लहानपणी विचार करायचे, कथा ऐकणं अन् शस्त्र देणं ही दोन एका यादीत कशी? त्या खोक्यानं ते समजावलं. इथं कथेचंच शस्त्र करून दिलंय.

मोठ्यांनी मोठ्यांची खेळणी घेण्याला माझी हरकत नाही. आपणही घेतोच की. 'होणार सून मी ह्या घरची' लागायची तेव्हा बेळगावच्या सराफकट्ट्यात जान्हवीच्या मंगळसूत्राची केवढी मागणी! माझ्या दोन नणंदांनी केलं, मीही बनावट सोन्याचं केलं, अन् ते घातल्यावर आरशात जरा जान्हवीसारखी मान वळवून बघितली. ते खेळणंच होतं, फक्त ते घालणारीचं वय पन्नासच्या पुढे होतं. मला जान्हवीची सगळी गोष्ट माहीत होती, तिची सासू-काकू-आजी सगळ्या माहीत होत्या. त्या पोराला त्रिकोणाची गोष्ट माहीत नव्हती.

तर त्या पोराचं सांगायचं राहिलं. मुखवटा घेतल्यावर चार दिवसांनी रविवारी तो आणि त्याची धाकटी बहीण दुकानासमोरच्या वडाखाली खेळत होती, आई बाजारात बसलेली. आणखी तीनचार पोरं होती. हा झाडाकडे तोंड करून उभा राहायचा, मुखवटा लावून एकदम वळायचा, "स्टॅच्यू!" जो हलेल त्याला दोन बोटांनी ठो. पोरं धपाधप पडायची, धुळीत लोळायची, उठून परत खेळायची. मी गल्ल्यावरून बघत होते अन् मला हसू येत होतं. म्हटलं, उगाच एवढा विचार केला. पोरांचं मरण पाच सेकंदांचं असतं.

मग धाकटी त्याच्याकडे गेली. "आता मला दे, मी गोली मारते."

तो म्हणाला, "तू नाही. तू नंबर आहेस."

तिला काही कळलं नाही. "मी नंबर कशी? मी आहे ना?" असं काहीतरी ती म्हणाली अन् रडायला लागली. त्यानं तिला मुखवटा दिला नाहीच. मी बाहेर जाऊन दोघांना लिमलेटच्या गोळ्या दिल्या. पण ते वाक्य माझ्या कानातून गेलं नाही. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यातून त्यानं मालिका उचलली नव्हती, पण तिच्यातलं सगळ्यात भयंकर जे आहे ते नेमकं उचललं होतं. मुखवटेवाल्यांना चेहरा नसतो आणि दुसऱ्यांना नाव नसतं. मालिकेनं हे दाखवलं ते आपल्याला लाज वाटावी म्हणून. खेळण्यानं ते शिकवलं, नियम म्हणून. २०२१च्या ऑक्टोबरात बेल्जियममधल्या एका शाळेनं पालकांना कळवलं होतं म्हणे, की मुलं हा खेळ खेळतात आणि हरलेल्याला मारतात. माझ्यासमोर कुणी कुणाला मारलं नाही. मारलं असतं तर मी धावले असते अन् दोन धपाटे घालून मोकळी झाले असते. इथं काय करायचं तेच सुचेना.

म्हणून सांगते, माझा आक्षेप 'पोरं गुंड होतील' हा नाही. फ्लोरिडाच्या आईला ती भीती असेल, मला नाही. पोरं गुंड होतात त्याला वेगळी कारणं असतात, त्यात दारू आहे, उपास आहे, बापाचा मार आहे, प्लास्टिकचा मुखवटा फार मागे. माझा आक्षेप दुकानाबद्दल आहे. पोर दहाची नोट मुठीत घट्ट धरून येतं तेव्हा ते समजून चालतं की ह्या कोपऱ्यात टांगलेलं सगळं आपल्यासाठी आहे, आज्जीनं बघून ठेवलेलं आहे. त्यानं वेष्टनावरचं वय वाचायचं नसतं, ते मी वाचायचं असतं. मी वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेले मुखवटे उतरवले. होलसेलवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "माल परत घेत नाही, अन् मावशी, जत्रेत तर हेच चालतंय." मुलगा म्हणाला, पैसे घातलेत तर संपवून टाका, पुढच्या वेळी आणू नका. हिशेबानं त्याचंच बरोबर. खोका माळ्यावर आहे. टिकल्यांची पिस्तुलं मात्र त्या दिवाळीला परत टांगली, ती काढायचा धीर मला अजून झालेला नाही. मामंजींनी लावलेली फळी आहे ती, अन् पोरं त्यासाठी वर्षभर थांबतात. यशोधराची गोष्ट सांगणारीनं हे लिहावं की नाही, ठाऊक नाही, पण लपवण्यात तरी काय अर्थ?

उळवीच्या जत्रेत गेले तर स्टॉलवर पन्नासेक मुखवटे वाऱ्यावर हलत होते, त्रिकोण, गोल, चौकोन, बाजूला हनुमानाचे अन् वाघाचे. सून माझ्याकडे बघून हळूच हसली. मी नातीला वाघ घेतला.

पावसाळ्याआधी त्या पोराच्या वाड्यावर जाणं झालं, त्याच्या आईला बरं नव्हतं म्हणून. घरामागच्या परड्यात कंदांच्या वाफ्यांजवळ एक काठी रोवलेली, तिला जुना शर्ट, अन् वर तोच काळा मुखवटा, त्रिकोणवाला. दोरी तुटली तसं पोरानं टाकून दिला होता, तिनं उचलून बुजगावण्याला लावला.

"माकडं भितात काय गं?" मी विचारलं.

"पहिले दोन दिवस आली नाहीत," ती म्हणाली.